कायद्याने पोट भरत नाही, असे म्हणणाऱ्यांना

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांविषयी एक वाक्य गेली तीस वर्षे इतक्यांदा बोलले गेले आहे की ते खरे आहे का, हे आता कुणी तपासतही नाही. ‘तिथे योजना कमी नाहीत, अंमलबजावणी कमी पडते.’ मंत्री दौऱ्यावर आले की हेच बोलतात, आढावा बैठकीचे इतिवृत्त याच सुरात लिहिले जाते आणि बालमृत्यूंची बातमी आली की अग्रलेखही फिरून फिरून इथेच येऊन थांबतो. त्याला जोडून आणखी एक वाक्य हमखास येते: कायदे पुष्कळ झाले, कायद्याने पोट भरत नाही. ऐकायला दोन्ही वाक्ये शहाणी वाटतात. माझे म्हणणे असे की या भागातल्या मुलांचे जे नुकसान झाले, त्यात या शहाणपणाचा वाटा मोठा आहे. एखादी गोष्ट करायला कुणाला भाग पाडता येते की नाही, हे ती कोणत्या कागदावर लिहिली आहे यावर ठरते. इथल्या गरोदर बाईला, अंगावर पाजणाऱ्या आईला आणि तिच्या मुलाला राज्याने स्वतःहून जे देऊ केले, त्यातले बहुतेक सगळे शासन निर्णयावर लिहिलेले आहे, कायद्यात नाही. शासन निर्णय म्हणजे मंत्रालयातल्या एका विभागाचा आदेश. तो विधिमंडळात मांडावा लागत नाही. दुसऱ्या आदेशाने तो बदलतो, आणि निधी आला नाही तर कुठलाही आदेश न निघताच तो निजून जातो. जे कुणावर बंधनकारक केलेच नव्हते, ते पाळले गेले नाही याचे आश्चर्य दर पावसाळ्यात नव्याने करायचे, याला आपण अंमलबजावणीची चर्चा म्हणतो.

१९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला. त्यानंतर सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय तिथे आहेच. १९९५ मध्ये नवसंजीवनी योजना आली. आरोग्य, रेशन, अंगणवाडी, पाणी, रोजगार हे सगळे विभाग एका छत्राखाली आणून पावसाळ्याआधी तयारी करायची, हा तिचा हेतू. तिच्याखाली मातृत्व अनुदान आले: गरोदर आदिवासी बाईला ८०० रुपये, त्यातले ४०० रोख आणि ४०० औषधांसाठी. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्हा फोडून पालघर हा वेगळा जिल्हा झाला, त्यामागेही ‘प्रशासन दाराशी येईल’ हेच कारण सांगितले गेले. (मोखाड्याच्या माणसाला पालघरपेक्षा नाशिक जवळ पडते, ही गोष्ट तेव्हाही ठाऊक होती.) म्हणजे वावर-वांगणीनंतर राज्याने पदे निर्माण केली, कार्यालये उघडली, समित्या नेमल्या, अनुदाने जाहीर केली. फक्त एक गोष्ट केली नाही. वावरच्या किंवा वांगणीच्या आईला ‘हे माझे आहे आणि ते मला मिळाले नाही’ असे म्हणून कुठे दाद मागता येईल, असा एकही हक्क राज्य विधिमंडळाने तिच्या नावावर लिहून दिला नाही. नवसंजीवनीचे ते ८०० रुपये वर्षानुवर्षे ८०० च राहिले, यात नवल नाही. ते वाढवून मागण्याचा मार्गच कुणाला नव्हता.

हा फरक पुस्तकी वाटत असेल तर २०१५ आणि २०१६ ही दोन वर्षे नीट पाहावीत. अंगणवाडीत मुलाचा दंडघेर मोजतात. पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. अशा मुलासाठी ग्राम बाल विकास केंद्र चालत असे. तीस दिवस मुलाला सकाळपासून अंगणवाडीत ठेवायचे, दिवसातून अनेकदा थोडे थोडे पण घट्ट, तेल-तूप घातलेले खायला घालायचे, औषधे द्यायची आणि वजन टिपत जायचे. एकदम ताटभर अन्न अशा मुलाच्या पोटात राहत नाही. म्हणून हे वेळेचे आणि चिकाटीचे काम, आणि ते गावातच व्हावे लागते, कारण बाकीची पोरे आणि गुरे टाकून आई महिनाभर तालुक्याच्या रुग्णालयात राहू शकत नाही. या केंद्रांचा पैसा ग्रामीण आरोग्य अभियानातून येई. २०१५ मध्ये तो आटला आणि राज्यभर ही केंद्रे बंद पडली. बंद करण्याचा ठराव कुठल्या सभागृहात आला नाही, त्यावर मतदान झाले नाही, वर्तमानपत्रात जाहिरात आली नाही. पुढच्या पावसाळ्यात मोखाड्यातले बालमृत्यू बातम्यांत आले, सप्टेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस काढली, आणि मग केंद्रे पुन्हा सुरू करण्याची धावपळ झाली. तेव्हाचे आदिवासी विकासमंत्री विष्णू सवरा विक्रमगडचे आमदार होते आणि पालघरचे पालकमंत्रीही. आपला माणूस सत्तेत नव्हता, असेही इथल्यांना म्हणता येत नाही. मग मधल्या काळात ज्या मुलांचे तीस दिवस हुकले, त्यांच्याबद्दल जबाबदार कोण? कुणीच नाही. आदेश मोडला नव्हता. निधी नव्हता, एवढेच. ज्या व्यवस्थेत कुणाचाही दोष न होता एवढी मोठी सेवा बंद पडते, तिथे कमी काय पडले याचे उत्तर ‘अंमलबजावणी’ असे देणे ही चक्क फसवणूक आहे.

आता दोन कागद शेजारी ठेवू. पहिला म्हणजे २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याची दुसरी अनुसूची, २०२३ च्या सुधारणेपूर्वी होती तशी. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलाला रोज ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने, कुपोषित मुलाला ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम, गरोदर व स्तनदा मातेला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम. दुसरा कागद आपल्या राज्याचा: डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेचा शासन निर्णय. २०१५ मध्ये आलेली ही योजना मुळात चांगली आहे, हे आधी सांगून टाकतो. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण: चपाती किंवा भाकरी, भात, डाळ, भाजी, शेंगदाण्याचा लाडू, अंडे किंवा केळे. पुढे मुलांसाठीही अंडी-केळी आली. घरी सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणाऱ्या बाईला दिवसातून एकदा तिच्या नावाचे ताट वाढले जाणे ही लहान गोष्ट नाही. पण या ताटाचे माप बघा. कायद्याने माप ग्रॅममध्ये धरले, शासन निर्णयाने रुपयांत. ताटाचा दर सुरुवातीला २५ रुपयांच्या घरात होता, पुढे तो ३५ झाला. तुरीची डाळ महागली, तेलाचा डबा चढला, अंडी वधारली, तरी प्रथिनांचे वीस ग्रॅम वीसच राहतात. ३५ रुपये मात्र आतून कमी होत जातात. मग डाळ पातळ होते, भाजीऐवजी बटाटा येतो, लाडू छोटा होतो. यात सेविकेची लबाडी शोधणारे पुष्कळ भेटतात. तिने गावातल्या किराणावाल्याकडे उधारी चढवून चूल चालू ठेवलेली असते आणि खात्यात पैसे महिन्या-दोन महिन्यांनी येतात, हे ते विचारत नाहीत. रुपयांत लिहिलेले ताट महागाईत आपोआप लहान होते आणि त्यात कुणीही नियम मोडलेला नसतो.

इथे पहिला आणि सगळ्यात जोरदार आक्षेप येतो. अन्नसुरक्षा कायदा तर २०१३ सालीच झाला, महाराष्ट्रात २०१४ च्या फेब्रुवारीत लागूही झाला. मग २०१६ मध्ये मोखाड्यात मुले का गेली? कायदा होता ना? होता, आणि तो कुठे फुटला हे पाहिले तर माझाच मुद्दा पक्का होतो. याच कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक गरोदर व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले. पण कलमाची सुरुवात आहे ती केंद्र सरकार आखील त्या योजनांच्या अधीन राहून. एवढ्या फटीतून योजना आत शिरली. २०१७ पासून आलेल्या मातृवंदना योजनेने सहाचे पाच हजार केले, आणि ‘प्रत्येक माते’ची झाली पहिल्या बाळंतपणाची माता, पुढे दुसरे अपत्य मुलगी असेल तर, एवढी भर पडली. जननी सुरक्षा योजनेचे पैसे मिळवले की सरासरी सहा हजार होतात, हे त्यावरचे सरकारी उत्तर. पोषणाचे काम सरासरीने होत नाही, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. जिला तिसरे-चौथे मूल होते, तिची पाठ आधीच्या बाळंतपणांनी मोडलेली असते. योजनेने नेमकी तीच वगळली. उलट त्याच कायद्यात ज्या जागी फट ठेवलेली नाही, तिथले चित्र निराळे दिसते. माणशी पाच किलो धान्य, अंत्योदय कार्डाला ३५ किलो, न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता. रेशन दुकानात आजही खोट्या पावत्या होतात, अंगठा उमटत नाही म्हणून माणूस परत पाठवला जातो. पण ३५ किलो म्हणजे किती, हे पाड्यावरच्या म्हाताऱ्यालाही पाठ असते आणि ३० मिळाले तर तो भांडतो. मातृत्व अनुदानाच्या हप्त्यासाठी असे भांडण होत नाही, कारण आपल्याला किती मिळायचे हेच तिला कधी एकसारखे सांगितले गेलेले नाही. कायदा दुबळा आहे हे मला मान्य आहे. तक्रार निवारण अधिकाऱ्याचा आदेश न पाळणाऱ्याला जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड, हे तर हसण्यावारी नेण्यासारखे कलम आहे. पण कायद्याची ही दुबळी कलमे दाखवून ज्यांना शासन निर्णयाची तरफदारी करायची आहे, त्यांनी शासन निर्णयात दंडाचे कलम कुठे आहे तेवढे दाखवावे.

कायदा आणि योजना यांतला फरक महाराष्ट्राला कुणी बाहेरून येऊन शिकवण्याची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर पसरली, तेव्हा तीही योजनाच होती. १९७७ मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता, आणि खर्चासाठी १९७५ पासून शहरी पगारदारांवर व्यवसाय कर. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून कापलेले पैसे आणि मोखाड्यातला बांध यांची गाठ कायद्याने घातली होती. हमीत भ्रष्टाचार झाला, खोटी हजेरीपत्रके झाली, सगळे झाले. तरी जव्हार भागात या कायद्याची धार कुठे लागते, हे बघायचे असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ४ भरून काम मागावे आणि तारखेची पोच मागावी. अर्ज घेतात, पोच देताना हात आखडतो. कारण त्या तारखेपासून पंधरा दिवस मोजायला लागतात आणि सोळाव्या दिवशी भत्त्याची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर पडते. मिलिंद थत्ते यांनी उभी केलेली वयम् चळवळ याच भागात लोकांना कायदे वाचायला शिकवते. रोजगार हमी, वनहक्क आणि अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा यांची कलमे तिथे गावसभांत बोलली जातात. अमृत आहाराच्या अर्जाला अशी पोच घेऊन काय करणार? त्या कागदाला पुढे जायला जागाच नाही. कायदाही मोडीत काढता येतो, हे खरे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मनरेगाच्या, म्हणजे केंद्राच्या रोजगार हमी कायद्याच्या, जागी नवा कायदा आणला. दिवस १०० चे १२५ झाले आणि खर्चाचा चाळीस टक्के भार राज्यांवर आला. तो चांगला की वाईट, हा वाद वेगळा. पण तो बदल देशाने पाहिला, त्यावर सभागृहात गदारोळ झाला, कोण बाजूने आणि कोण विरोधात हे नोंदले गेले. ग्राम बाल विकास केंद्रे बंद झाली तेव्हा कोण कोणत्या बाजूला होते, याची नोंद कुठे आहे?

दुसरा आक्षेप जरा सभ्य आवाजात येतो: दोष सरकारचा नाही, समाजाचा आहे. मुली लवकर लग्न करतात, पाळणा लांबवत नाहीत, भगताकडे जातात, आणि दिवाळीनंतर अख्खे कुटुंब उठून वीटभट्टीवर जाते. अंगणवाडी तरी काय करणार? बालविवाह घातकच आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण सतरा वर्षांच्या आईचे मूल ८०० किलोकॅलरीला कमी लायक ठरत नाही. उलट त्याला त्यांची गरज जास्त. आईच्या चुकीची शिक्षा मुलाच्या ताटातून वसूल करणारी अट कुठल्याही कायद्यात टिकणार नाही, योजनेच्या निकषांत मात्र ती सहज बसते. मातृवंदनेत वयाची अट आहेच. स्थलांतराचा मुद्दा तर याहून शिकवणारा आहे. नाचणी-वरई आणि भाताचे एक पीक निघाले की हाती काम उरत नाही. भट्टीमालकाकडून घेतलेला बयाणा फेडायला कुटुंब भिवंडी, वसई, ठाण्याकडे जाते ते पावसाच्या तोंडाशी परत येते. मूल सहा महिने अंगणवाडीच्या पटावर इथे आणि पोटाने तिथे. १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा याला लागू होईल असे वाटे, पण तो होत नव्हता, कारण तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. त्याची जागा घेणाऱ्या नव्या श्रमसंहितेतही ‘आंतरराज्य’ ही अट आहेच. जव्हारहून तलासरी ओलांडून वापीला गेलेला मजूर कायद्याच्या दृष्टीने स्थलांतरित ठरू शकतो, भिवंडीला गेलेला नाही. ही उणीव भरून काढणे पूर्णपणे महाराष्ट्र विधिमंडळाच्या हातात होते आणि आहे. त्याऐवजी काय झाले? स्थलांतरितांची नोंद ठेवणारी संगणकीय प्रणाली आली. मूल कुठे आहे हे मोबाईलवर कळणे उपयोगाचे आहे, पण भट्टीजवळच्या अंगणवाडीने त्याला उद्यापासून वाढलेच पाहिजे, हे त्या मोबाईलमध्ये लिहिलेले नाही. रेशनचे धान्य आता दुसऱ्या गावच्या दुकानातही उचलता येते, कारण हक्क माणसाला चिकटलेला आहे. मुलाचा हक्क मात्र अजून पाड्याला चिकटलेला आहे.

याच रांगेत खावटी बसते. पावसाळ्याच्या अन्नटंचाईत आदिवासी कुटुंबाला आधार म्हणून १९७८ मध्ये खावटी कर्ज सुरू झाले, २०१३-१४ च्या सुमारास थांबले, टाळेबंदीच्या वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, एका वर्षापुरते चार हजारांचे अनुदान म्हणून परत आले: दोन हजार रोख, दोन हजारांचे धान्य-तेल. राज्यभरातल्या साडेअकरा लाखांहून अधिक कुटुंबांना ते मिळणार होते. लाभ हातात पडायला बहुतेकांचे पुढचे वर्ष उजाडले. भूक दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत येते; तिच्यावरचा उपाय मात्र मंत्रिमंडळाला आठवेल तेव्हा.

तिसरा आक्षेप अर्थखात्याचा आहे आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. सगळेच कायद्यात बांधले तर सरकारचे हात बांधले जातात. उद्या गरज बदलली तर पैसा वळवता येणार नाही. बरोबर आहे. वळवता येऊ नये, हाच हेतू आहे. आदिवासींच्या लोकसंख्येच्या प्रमाणात, सुमारे नऊ टक्के, निधी त्यांच्यासाठी वेगळा काढायचा, म्हणजे आदिवासी उपयोजना, हे सूत्र द. म. सुकथनकर समितीने दिले आणि नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला महाराष्ट्राने ते स्वीकारले. त्यात आपण पुढे होतो. पण आपण ते सूत्र धोरणावर सोडले. आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये उपयोजनेचा कायदा केला, त्याच वर्षी कर्नाटकाने केला, तेलंगणाने २०१७ मध्ये आपला वेगळा केला. महाराष्ट्रात असा कायदा अजून नाही. परिणाम २०२५ च्या मे महिन्यात दिसला. लाडकी बहीण योजनेच्या हप्त्यासाठी आदिवासी विकास विभागाचे ३३५ कोटी ७० लाख आणि सामाजिक न्याय विभागाचे ४१० कोटी ३० लाख रुपये वळवण्यात आले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनीच त्याबद्दल जाहीर नाराजी बोलून दाखवली. सरकारचा युक्तिवाद असा की हा पैसा आदिवासी बहिणींनाच तर गेला. जे दीड हजार रुपये निकषात बसणाऱ्या सगळ्याच बहिणींना मिळतात, ते आदिवासी बाईला तिच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या पैशातून द्यायचे असतील, तर तिला इतरांपेक्षा जास्त काय मिळाले? उपयोजना हे तिच्या वाट्यावरचे जादा होते, ते तिचा नेहमीचा वाटा भागवायला वापरले. लवचीकतेचा अर्थ व्यवहारात एवढाच होतो: ज्यांचा आवाज मंत्रालयापर्यंत पोहोचतो त्यांच्याकडे पैसा वाकतो. आणि लाडकी बहीण योजनाही शेवटी शासन निर्णयावरच उभी आहे. निवडणुकीआधी उदार असलेले निकष नंतर तपासले गेले, नावे वगळली गेली. बँकेत येणाऱ्या पैशाने घरच्या बाईचे बळ वाढते, हे खरे. पण सॅम मुलाचे तीस दिवस त्या पैशातून विकत मिळतील असे दुकान मोखाड्यात नाही.

न्यायालये आहेत की, असे काहीजण म्हणतात. आहेत, आणि त्यांनी केलेही पुष्कळ. २००१ मध्ये दाखल झालेल्या पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने पोषण आहार, अंगणवाडी, रेशन या योजनांना हक्काचे रूप दिले. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात तर असे म्हटले होते की ज्या ग्रामीण वस्तीत सहा वर्षांखालची चाळीस मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, त्यांनी मागितल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. विखुरलेल्या पाड्यांच्या या तालुक्यांना याहून उपयोगी वाक्य कुणी लिहिले नसेल. अन्नसुरक्षा कायदा झाला तेव्हा ते वाक्य त्यात उतरले नाही, आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये याचिका निकाली निघाली. मुंबई उच्च न्यायालयात मेळघाट आणि इतर आदिवासी भागांतल्या कुपोषणाच्या याचिका दशकानुदशके चालू आहेत. तारखा पडतात, प्रतिज्ञापत्रे येतात, सचिवांना खडसावले जाते. न्यायालय हे शेवटचे दार आहे. दर पावसाळ्यात तेच एक दार ठोठावावे लागत असेल, तर गावात, तालुक्यात, जिल्ह्यात मधली दारे बसवलीच नाहीत असा त्याचा अर्थ. ती बसवणे विधिमंडळाचे काम होते.

आणि विधिमंडळाला हे जमत नाही असे नाही. २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायदा घ्या. ठरलेल्या मुदतीत सेवा दिली नाही तर अपील, दुसरे अपील, आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. त्याखाली अधिसूचित झालेल्या सेवांची यादी वाचली तर बहुतांश दाखले, उतारे, परवाने, नोंदण्या दिसतात. म्हणजे जातीच्या दाखल्याला मुदत आहे आणि ती चुकवली तर दंड आहे; साडेअकराच्या आत दंडघेर आलेल्या मुलाला किती दिवसांत केंद्रात दाखल करायचे, याला तशी मुदत नाही. याहून बोलके उदाहरण मार्च २०१८ चे. अंगणवाडी सेविकांनी पुन्हा संपावर जाऊ नये म्हणून सरकारने त्यांना मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, लावला. सभागृहात गोंधळ झाला आणि मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली. पण तेवढ्या दिवसांत सरकारने कागदावर मान्य केले होते की मुलाच्या तोंडी घास पडणे ही अत्यावश्यक सेवा आहे. सेविकेने काम थांबवले तर तुरुंगापर्यंत जाणारा कायदा हाताशी होता. सरकारने निधी थांबवला तर काय, याचे कलम तेव्हाही नव्हते, आजही नाही. उलट बाजूने सर्वोच्च न्यायालयाने २५ एप्रिल २०२२ रोजी मणिबेन मगनभाई भारिया खटल्यात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तेव्हा एक आधार हाच होता की अन्नसुरक्षा कायद्याने अंगणवाडीवर वैधानिक काम सोपवले आहे. ज्या कायद्याने पोट भरत नाही म्हणतात, त्याने निदान सेविकेच्या म्हातारपणाची सोय तरी केली.

आता जो आक्षेप मला खरा अडचणीचा वाटतो तो. कायदा केला, दंडाचे कलम घातले, की ते गळ्यात पडणार कुणाच्या? साखळीतल्या सगळ्यात शेवटच्या बाईच्या. प्रकल्प अधिकारी सुटेल, मंत्रालय सुटेल, आणि वजनाचे रजिस्टर भरायचे राहिले म्हणून मानधनावरची सेविका दंड भरेल. ही भीती निराधार नाही. आजवर चौकशीचा पहिला कागद तिच्याच नावाने निघत आला आहे. आणि दंडाला घाबरलेली सेविका काय करील हेही उघड आहे: सॅम मूल मॅममध्ये, म्हणजे मध्यम कुपोषितांत, दाखवील, दंडघेर साडेअकराच्या वर लिहील. म्हणून पोषण-हक्काच्या कायद्याचा कस जबाबदारीच्या कलमात लागेल. धान्य, पैसा किंवा औषध संपल्याची सेविकेने दिलेली लेखी वर्दी, तारखेच्या पोचेसह, हाच तिचा पूर्ण बचाव मानला पाहिजे, आणि त्या तारखेपासून जबाबदारी वर सरकली पाहिजे: ठरावीक दिवसांनी प्रकल्प अधिकाऱ्यावर, त्यानंतर निधी सोडण्याची सही ज्याच्या हातात आहे त्या सचिवावर. जास्त कुपोषित मुले शोधणाऱ्या अंगणवाडीवर कारवाई करता येणार नाही, असे कायद्यातच लिहिले पाहिजे. ताट अनुसूचीत ग्रॅममध्ये लिहावे आणि रुपयांचा दर दर सहा महिन्यांनी बाजारभावाप्रमाणे आपोआप बदलावा. मूल जिथे आहे तिथल्या अंगणवाडीत, पटावर नाव नसले तरी, त्याच दिवसापासून त्याला वाढावे. हुकलेल्या दिवसांची भरपाई आईच्या खात्यात जावी आणि ती आदिवासी उपयोजनेतून नव्हे, कसूर करणाऱ्या विभागाच्या आस्थापना खर्चातून कापली जावी. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात, पेसाचे राज्य नियम २०१४ पासून आहेत. तेव्हा महिन्याचा वजनतक्ता ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय पूर्ण धरू नये, एवढे कलम जोडायला घटनात्मक अडचण नाही. हे सगळे नीट लिहिले तर विधेयक बारा-पंधरा पानांच्या वर जाणार नाही.